तळहातातलं भोक

शनिवारी दप्तर आणायचं नसे, म्हणून शनिवारी चौथीच्या वर्गातलं एकही मूल घरी राहत नसे. सोनगीरच्या पलीकडे हायवे सोडून आत चार किलोमीटरवर ते गाव. शाळा दोन शिक्षकांची, मुलं चौतीस. मुख्याध्यापक तोताराम सर आणि दुसरी संघमित्रा बिऱ्हाडे. ती धुळ्याला देवपुरात राहायची, तिथून रोज स्कूटीवर यायची. हा चौथीचा वर्ग पहिलीपासून तिच्याच हाताखाली होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने शनिवारी नजरबंदीचे खेळ सुरू केले. मुलांनीच तसं नाव पाडलं होतं. पंख्यासारख्या घड्या घातलेल्या कागदावर एका बाजूने मोर दिसे आणि दुसऱ्या बाजूने बघितलं की लांडोर. पुठ्ठ्याच्या चकतीवर पुढे पिंजरा, मागे पोपट, आणि दोरा पिळून सोडला की पोपट पिंजऱ्यात. सामान काही लागत नसे. जुन्या वह्यांचे कोरे कागद, लग्नपत्रिका, डिंक, एक कात्री. डिसेंबरात केंद्रशाळेत बालमेळावा होता आणि तिथे आपल्या शाळेचं टेबल याच वस्तूंचं मांडायचं तिने ठरवलं होतं.

यात सगळ्यांत हुशार निघाली दिपमाला. जीवराम आणि कोकिळाची मधली मुलगी. दहावं वर्ष सरत आलेलं, अंगाने बारीक, बोलायला कमी. कागदाची घडी ती नखाने अशी दाबायची की रेघ ओढल्यासारखी धार यायची. एरवी मात्र ती धांदरट म्हणून ठरलेली. चेंडू फेकला तर हात पुढे करूनही तो छातीवर घ्यायची, पाणी ओतताना निम्मं पेल्याबाहेर. संघमित्राने तिला त्यावरून कितीदा टोकलं होतं, त्याची गणती नव्हती.

त्या शनिवारी संघमित्राने विहीर शिकवली. कागदावर मोठं वर्तुळ, आत लहान लहान होत जाणारी वर्तुळं, तळाकडे पेन्सिल गडद करत न्यायची आणि काठावर पायऱ्या. नुसतं बघितलं तर चित्रच. पण कागद बाकावर ठेवून, एका ठरावीक जागी उभं राहून, एक डोळा मिटून पाहिलं की बाकाला खरीच विहीर पडल्यासारखी वाटे.

"एक डोळा मिटा," ती सांगत होती. "दोन्ही उघडे ठेवले तर कळतं की कागद सपाट आहे."

मुलं गालावर हात दाबून डोळा मिटायला लागली. ज्यांना एकच डोळा मिटता येत नव्हता ते शेजाऱ्याचा हात लावून घेत होते. दिपमाला मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवून बाकापाशी उभी होती.

"दिसली का गं?"

"हो. किती खोल आहे, मॅडम."

"डोळा मिटला होतास?"

"नाही मिटला तरी दिसते."

संघमित्राला कौतुक वाटलं. तिने वर्गाला सांगितलं, हिची नजर चित्रकाराची आहे, आपल्याला जे कसरत करून दिसतं ते हिला सहज दिसतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दिपमालाने मान खाली घातली, पण ती हसत होती. त्या दिवशी संघमित्राने प्रगतीच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिलं, कलादृष्टी उत्तम.

पुढच्या शनिवारी तिने नळी आणली. वहीचा कागद गुंडाळून केलेली, एवढंच. नळी एका डोळ्याला लावायची, दुसऱ्या हाताचा पंजा नळीला चिकटवून दुसऱ्या डोळ्यापुढे धरायचा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून लांब बघायचं. तळहाताच्या मधोमध आरपार भोक पडलेलं दिसतं.

वर्गात गोंधळ उडाला. मुलं आपला हात उलटापालटा करून बघत होती. कोणी भोकातून फळा बघत होतं, कोणी खिडकीबाहेरची किल्ल्याची टेकडी. दिपमाला नळी लावून स्तब्ध उभी होती.

"तुला?"

"माले तं नुसता हातच दिखस."

संघमित्राने नळी नीट धरून दिली, हात थोडा पुढे सरकवला. "आता?"

दिपमालाने इकडे तिकडे पाहिलं. सगळ्यांना दिसत होतं. "दिसलं," ती म्हणाली.

"भोकातून काय दिसतंय?"

ती नळीतून बघत राहिली. संघमित्रा फळ्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने तीन बोटं वर केली. "किती बोटं आहेत भोकात?"

"पाच."

मुलं हसली. संघमित्राचा आवाज चढला. "दिसलं नाही तर नाही म्हणावं. खोटं कशाला बोलायचं?"

दिपमालाचे डोळे भरून आले. तिने नळी बाकावर ठेवली. पण तेवढ्यात, जणू शेवटचा प्रयत्न म्हणून, तिने ती पुन्हा उचलली आणि या वेळी डाव्या डोळ्याला लावली. "आता बोटं दिसतात. तीन," ती म्हणाली. "पण हात गेला."

संघमित्रा तिथेच थबकली. मग ती दिपमालापाशी गेली, तिचा डावा डोळा आपल्या तळव्याने झाकला आणि म्हणाली, "फळ्यावर काय लिहिलंय वाच."

फळ्यावर तारीख आणि वार होता, हातभर अक्षरांत.

"काळं दिसतं."

"अक्षरं?"

"अक्षरं नाही दिसत. पांढरं काहीतरी आहे." मग तिने मान वळवून, तळव्याखालून सुटलेल्या डोळ्याने मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, ती घाबरली. "बठ्ठासना एक डोया असाच ऱ्हास ना, मॅडम?"

सगळ्यांचाच एक डोळा असा असतो, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

शाळा सुटल्यावर संघमित्राने कपाट उघडलं. आरोग्य तपासणीची कार्डं खालच्या कप्प्यात होती. दिपमालाचं कार्ड काढलं. पहिली, दृष्टी सामान्य. दुसरी, दृष्टी सामान्य. तिसरी, दृष्टी सामान्य. तिन्ही ठिकाणी अक्षर संघमित्राचंच. तपासणीचं पथक दरवर्षी दुपारी उशिरा यायचं, त्यांना पुढे आणखी एक गाव असायचं. वजन-उंची आणि डोळ्यांचा रकाना तुम्हीच भरून ठेवा मॅडम, असं ते सांगायचे, आणि ती भरायची. मुलांना मागच्या भिंतीशी ओळीत उभं करून फळ्यावरची अक्षरं वाचायला लावायची. दोन्ही डोळे उघडे. एकेक डोळा झाकून वाचून घ्यायचं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. डी.एड.ला शिकवलं होतं. पण चौतीस मुलं, आणि तितक्यात खिचडीची वेळ व्हायची.

तिने कार्ड परत ठेवलं आणि जीवरामच्या घरी गेली.

अंगणात कापसाची गाठोडी पडली होती. जीवराम ती मोकळी करत होता. कोकिळाने खाट टाकली. दिपमाला दाराच्या आत उभी राहून ऐकत होती. संघमित्राने जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगितलं, की उजव्या डोळ्याने तिला फारसं दिसत नाही आणि धुळ्याला दाखवायला हवं.

जीवरामची आई भिकुबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. ती हात थांबवून म्हणाली, "पोरना डोयास्ले काय व्हयनं? मी सोता काजय घालेल शे. दिखाले कशी चांगली शे."

"वरून नाही कळत, अक्का."

कोकिळा हळूच म्हणाली, "मॅडम, वर्गात सगळ्यांसमोर झालं का हे?"

"हो."

"मग गावात झालंच." तिने पदराने तोंड पुसलं. "पोरीची जात आहे. उद्या कोणी विचारायला आलं तर आधी हेच सांगतील."

जीवरामने एवढंच विचारलं, "सोमवारी नेलं तर चालेल का?"

सोमवारी संघमित्रा रजा टाकून धुळ्याच्या स्टँडवर उभी राहिली. बाप-लेक सोनगीरच्या गाडीने आले. दिपमालाने लग्नातला फ्रॉक घातला होता आणि दोन वेण्यांना रिबिनी. डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत औषध टाकलं, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, एकेक डोळा झाकून अक्षरं दाखवली. उजव्या डोळ्याची पाळी आली तेव्हा दिपमाला अंदाजाने अक्षरं सांगत राहिली आणि एकही बरोबर आलं नाही.

"डोळ्याला आजार नाही," डॉक्टरीणबाई जीवरामला म्हणाल्या. "या डोळ्याचा नंबर जन्मापासून मोठा आहे. दुसरा चांगला. त्यामुळे मेंदूने चांगल्याचंच काम घेतलं आणि याला सोडून दिलं. आता चष्मा लावला तरी या डोळ्याला बघायची सवयच नाही."

"औषध?"

"औषध नाही, ऑपरेशन नाही. चष्मा लावायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे हा नाइलाजाने काम करेल. पाच-सहा वर्षांची असताना आली असती तर बहुतेक पूर्ण नजर आली असती. आता थोडं वाढेल, नाही असं नाही. सहा महिने करून बघू. पण मी तुम्हाला खोटी आशा देत नाही."

जीवराम हातातली टोपी फिरवत होता. "हे कळतं कसं पण? आम्हाला तर दहा वर्षांत काही दिसलं नाही."

"एक डोळा झाकून वाचायला लावलं की कळतं. बहुतेक मुलांचं शाळेतच कळतं."

जीवरामने मान हलवली. संघमित्राकडे बघितलंही नाही, इतका त्याचा तिच्यावर विश्वास होता. परत येताना रिक्षात तो म्हणाला, "तुम्ही होत्या म्हणून कळलं, मॅडम. नाहीतर कोण एवढं बघतं." संघमित्रा रस्त्याकडे बघत राहिली.

स्टँडवर गाडीला अवकाश होता. औषधाने बाहुल्या मोठ्या झाल्यामुळे दिपमालाला ऊन सोसत नव्हतं. ती बाकावर डोळ्यांवर रुमाल धरून बसली होती. संघमित्राने जीवरामला जरा बाजूला, रसवंतीच्या कडेला नेलं.

"जीवरामभाऊ, शाळेत दरवर्षी डोळे तपासायचे असतात."

"हो, ते पथक येतं ना."

"डोळ्यांचं मी लिहायचे. तीन वर्षं मी तिचं 'सामान्य' लिहिलं. एकेक डोळा झाकून मी कधी बघितलं नाही. पहिलीत बघितलं असतं तर..." तिने बाकावरच्या दिपमालाकडे पाहिलं. "पहिलीत ती सहा वर्षांची होती."

शिरपूरची गाडी लागली, माणसं धावली, गाडी निघून गेली.

"एक डोळा झाकून बघायला किती वेळ लागतो, मॅडम?"

"एक मिनिट."

"एका पोराला एक मिनिट."

"हो."

त्याने मान हलवली. जाऊन लेकीशेजारी बसला आणि तिच्या डोळ्यांवरचा रुमाल नीट केला. गाडी लागल्यावर दोघं चढले. संघमित्रा खिडकीखाली उभी होती, पण तो दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेतल्या सगळ्या मुलांना एकेक करून भिंतीशी उभं केलं. पुठ्ठ्याचा तुकडा एका डोळ्यापुढे, मग दुसऱ्या. पहिलीच्या मुलांना अक्षरं येत नव्हती, त्यांना चित्रं दाखवली. पाऊण तास गेला. बाकी सगळ्यांचे दोन्ही डोळे चांगले होते. आणखी एखादं मूल सापडलं असतं, वेळेवर सापडलं असतं, तर तेवढाच आधार झाला असता, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराची तिला स्वतःलाच शिसारी आली.

मग तिने दिपमालाचं कार्ड काढून तोताराम सरांच्या टेबलावर ठेवलं आणि आपण त्यावर काय लिहिणार आहोत ते सांगितलं.

"पथकाची सही आहे त्याच्यावर," सर म्हणाले. ते निवृत्तीला आले होते आणि स्वभावाने वाईट नव्हते. "आपण कशाला जुन्या कागदाला हात लावायचा? आता चष्मा मिळेल, पट्टी मिळाली. लिहून डोळा येणार आहे का?"

"नाही."

"मग?"

तिने कार्ड घेतलं आणि तिन्ही वर्षांच्या नोंदींखाली लिहिलं, ही तपासणी एकेक डोळा झाकून केलेली नव्हती. खाली सही आणि तारीख. कार्ड तालुक्याच्या कार्यालयात गेलं आणि पंधरा दिवसांनी तिथून खुलासा मागवणारं पत्र आलं. तिने जे घडलं ते एका पानात लिहून दिलं. तिला लेखी समज मिळाली. पथकाबद्दल कोणी काही विचारलं नाही.

पट्टीचं काम सोपं नव्हतं. चांगला डोळा झाकला की दिपमाला दहा वर्षांच्या मुलीची तीन वर्षांची होऊन जाई. भिंतीला हात लावत चाले, वहीवर नाक टेकवे. जी घडी ती न बघता घालायची तीही वाकडी पडायला लागली, कारण आता ती बघायला जायची. मुलं तिला कानी, म्हणजे एकडोळी, म्हणायला लागली. संघमित्राने वर्गात रागावून ते बंद केलं, पण पाणवठ्यावर आणि शेतावर तिचं कोण ऐकणार. बालमेळाव्याला दिपमाला आली नाही. टेबलावर विहीर मांडली होती. केंद्रप्रमुखांनी एक डोळा मिटून ती बघितली आणि वा म्हणाले.

शाळा सुटली की संघमित्रा रोज तासभर जीवरामच्या ओट्यावर जाऊन बसायची. मोठी अक्षरं कापून आणायची, वितीएवढी, मग थोडी लहान, काळ्या कागदाची पांढऱ्यावर चिकटवलेली. दिपमाला पट्टी लावून ती ओळखायची. जीवरामने तिला येऊ नका म्हटलं नाही. ती आली की तो उठून गोठ्याकडे जायचा. आधी हंगामात तिच्या स्कूटीला भुईमुगाच्या शेंगांची, वांग्यांची पिशवी अडकवलेली असायची, ती या वर्षी नव्हती. भिकुबाई मात्र दर वेळी चहा द्यायची. कपबशी पुढे ठेवायची आणि आत जायची.

फेब्रुवारीत एके दिवशी दिपमालाने सहा अक्षरं चुकवली. आदल्या दिवशी तीच बरोबर आली होती. संघमित्रा म्हणाली, पुन्हा बघ, घाई नाही. दिपमालाने पट्टी ओढून काढली. पट्टीच्या गोंदाने डोळ्याभोवतीची कातडी लाल झाली होती.

"मॅडम, तुम्ही ती नळी आणली नसती तं माले दोन डोया व्हतात ना."

संघमित्राने हातातली अक्षरं खाली ठेवली. तिला समजावता आलं असतं. डोळा तेव्हाही एकच होता, नळीने फक्त दाखवून दिलं, हे तिला दहा प्रकारे सांगता आलं असतं. पण ही मुलगी चार महिन्यांपूर्वी इतरांसारखीच होती, आणि आता गावात एका नावाने ओळखली जात होती, हेही खरं होतं.

"हो गं," ती म्हणाली.

कोकिळा दारात आली होती. तिने लेकीला जवळ घेतलं. "राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "रोज रडते. जेवत नाही. एवढं करून काय येणार आहे ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच ना."

"सहा महिने तरी..."

"तुम्ही तुमच्यासाठी येता का तिच्यासाठी?" कोकिळाने हे रागाने विचारलं नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

संघमित्रा दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पट्टी घरी कधी लागली, कधी नाही. मे महिन्यात जीवराम एकटाच मुलीला धुळ्याला घेऊन गेला. तिथे काय झालं ते संघमित्राला तोताराम सरांकडून कळलं. तक्त्यावरच्या वरच्या दोन ओळी ती उजव्या डोळ्याने वाचू शकली. याच्यापुढे आता फार जाणार नाही, चांगला डोळा जपा, चष्मा कायम ठेवा, म्हणजे त्या डोळ्याला इजा होणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

गावात शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये पाचवीची मुलं सोनगीरला जायला लागली. शाळा उघडून आठवडा झाला असेल, संघमित्रा सकाळी धुळ्याहून येत असताना सोनगीरच्या फाट्यावर तिला दिपमाला दिसली. नवा गणवेश, पाठीवर मोठं दप्तर. जीवराम शेजारी उभा होता. संघमित्राने स्कूटी बाजूला घेतली.

"कशी आहे शाळा?"

"चांगली आहे."

"बसायला पुढे जागा दिली का? डाव्या डोळ्याला फळा समोर येईल असं बस, सरांना सांग."

"सांगितलं नाही," दिपमाला म्हणाली. मग बापाकडे बघून, "तिकडे कोणालाच सांगितलं नाही."

चष्मा तिच्या डोळ्यांवर नव्हता. संघमित्राने दप्तराकडे पाहिलं. कुठे आहे हे विचारायला तिचे ओठ हलले, पण जीवराम तिच्याकडेच बघत होता. त्याच्या बघण्यात राग नव्हता. नका विचारू, एवढंच होतं.

रस्त्यावरून एक ट्रक धूळ उडवत गेला. जीवरामने लेकीचा हात धरला आणि दोन्ही बाजूंनी बघून तिला पलीकडे नेलं. पलीकडे गेल्यावर तो वळला आणि नमस्कारासाठी हात किंचित वर केला, वाटेत भेटलेल्या कोणाही ओळखीच्या माणसाला करतात तसा. संघमित्रानेही हात जोडले. ती दोघं शाळेच्या गल्लीत शिरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग तिने स्कूटी चालू केली आणि गावाच्या रस्त्याला लागली.